गाळलेली चार पानं

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर पाली गावात गेलो होतो, सिनेमा बघायला. म्हणजे थिएटरात नाही... पास्कू अंकलच्या हॉलमध्ये, त्यांच्या टीव्हीवर.

अंकलनी लिहिलेलं नाटक गावच्या सणाला दरवर्षी होतं. लंडनच्या एका टीमने त्यावर कॉमेडी फिल्म केली, गोष्ट तिकडच्या समुद्रकाठच्या गावात नेऊन. नाटकाचं इंग्रजी भाषांतर मी केलं होतं. निदान तसं सांगत फिरत होतो.

नाटकात एक बाई समुद्रावरून न परतलेल्या नवऱ्यासाठी रोज ताट वाढते. ती बाई खरी आहे... अंकलची मोठी बहीण, रोझी आंटी. अख्खं नाटक हसवतं, पण या सीनला त्या नवऱ्याच्या आठवणीत गाव उठून उभं राहतं. अंकलनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पण भाषांतर अर्धवट टाकून मी शांती नगरच्या मित्राबरोबर बाईकवर निघालो. दोन दिवसांचे आठ झाले. शेवटी त्या सीनची चार पानं न वाचताच गाळली आणि एक ओळ टाकली... बाई ताट वाढते, कोणी जेवत नाही. डायरेक्टरने मेसेजवर विचारलं, हे विनोदी आहे का? मी टपरीवर वडापाव खात 'येस' टाइप केलं.

फिल्ममध्ये त्या ताटातला मासा एक सीगल पळवतो, बाई झाडू घेऊन त्याच्यामागे धावते. हॉल हसला. मीही हसलो. मग बघितलं... आंटी उभी होती. ताट दिसताच सवयीने उठली होती, एकटीच.

अंकल हळूच म्हणाले, "बस गो बाय. त्या गोऱ्यांना काय कलनार?"

गप्प बसलो असतो तर सुटलो असतो.  पण तोंडातून निघालं, "अंकल, त्यांना कळलं असतं. ती पानं मी पाठवलीच नाहीत."

  आंटी आत गेली, नाटकाची वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. "वाच. मोठ्यानं."

वाचायला लागलो. नवऱ्याला कालवण किती तिखट लागायचं, जाताना तो काय विसरला होता... सगळं त्यात होतं. मान वर केली तर हॉलमधले सगळे उभे. मीच बसलेलो. मग मीही उठलो.

फिल्म आता बदलणार नाही, माहितीये. तरी काल ती पानं इंग्रजीत करून लंडनला पाठवली, मी काय केलं होतं तेही लिहून. आंटी, वही माझ्याच मांडीवर ठेवलीत, थँक्यू...

त्या दिवशी हॉलमध्ये ती चार पानं वाचायला फक्त अकरा मिनिटं लागली होती.