शेडमध्ये लाईट आली, तेव्हा

सगळ्यात आधी सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की पहिली हसणार ती मीच! त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचून हसा.

आमचं घर सातारा परिसरात, म्हणजे साताऱ्यात नव्हे, आमच्याच शहराच्या एका टोकाला. पुढे गेट आणि मीटर, मध्ये घर, मागे बाग आणि बागेच्या टोकाला पत्र्याची शेड. शेडमागे कंपाउंडची भिंत, पलीकडे मोकळा प्लॉट, नुसत्या बाभळी. बाग आईची. कलमं, कुंड्या, खताच्या गोण्या, सगळा पसारा त्या शेडमध्ये. पण तिथं लाईट नव्हती. "अहो, एक बल्ब तरी लावून द्या," असं आई बाबांना मला कळतंय तेव्हापासून म्हणायची आणि बाबा म्हणायचे, "उद्या लावू, सरकार!" आईला ते सरकारच म्हणायचे. मूळचे जवळच्या करमाड गावाकडचे, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. त्यांचा 'उद्या' काही उजाडला नाही. गेल्या वर्षी बाबा गेले.

आईनं शेडला कुलूप घातलं ते घातलंच. बाग सुकायला लागली. पुण्याचा माझा दादा म्हणायला लागला, घर विकू, आईला इकडे आणतो. आई "व्हय, येते की" म्हणायची, पण ज्या आवाजात म्हणायची तो मला ऐकवत नव्हता. मला ती इथंच, मातीत हात घालून बसलेली हवी होती. म्हटलं, आधी शेडमध्ये लाईट तर आणू.

प्लॅन मीच काढला. वायर वरून न्यायची की जमिनीखालून, यावर जेवणाच्या टेबलावर विधानसभा भरली! वरून नेली तर कपड्यांची दोरी आडवी येते. खालून न्यावी तर वाटेत सीताफळ. "त्याच्या मुळीला धक्का लागला तर बघ," आई कडाडली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती कशावरून तरी भांडत होती... इतकं बरं वाटलं मला! शेवटी सीताफळाला वळसा घालून पाइपातून केबल, घरात वेगळा एमसीबी, शेडला स्वतंत्र अर्थिंग, असं ठरलं. शहरात औरंगपुऱ्याच्या बाजारातून सामान आणलं. सलीमभाईंनी, म्हणजे आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियननी, शेडमध्ये बल्ब-बटण बसवलं आणि संध्याकाळी मी कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगल्या लख्ख उन्हात, कनेक्शन द्यायचं होतं. आपल्याकडची पद्धत माहीतच आहे — एकानं बोर्डापाशी उभं राहून "आली का?" ओरडायचं आणि दुसऱ्यानं पलीकडून सांगायचं. सलीमभाई पुढे मीटरपाशी, पलीकडची मी. पण शेडच्या कुलपात किल्ली फिरेना, म्हणून मी खोबरेल घ्यायला स्वयंपाकघरात आले. सलीमभाईंना सांगायचं राहूनच गेलं.

"मॅडम, आली का?" पुढून हाक आली.

मी "थांबा" म्हणणार, तेवढ्यात मागून, शेडकडून आवाज आला —

"नाय आली!"

ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईनं गॅस बंद केला. मी बाटली धरून तशीच उभी.

"रुको, स्क्रू ढिला है..." सलीमभाई पुटपुटले. मग जोरात, "आता?"

"आली! आली, सरकार!"

आई माझ्याकडे बघत होती, मी आईकडे. एवढ्यात सलीमभाई खुशीत आत आले आणि मला बघून जागीच थबकले. "मॅडम, तुम्ही इथं? मग तिकडून कौन बोला? मला वाटलं पुण्याचे भाऊ आले..."

मागे गेलो. कुलूप तसंच होतं. तेल घालून, खटपट करून उघडलं. आत चिटपाखरू नाही. कुंड्यांवर धूळ, आणि वर बल्ब लागलेला.

आई उंबऱ्यावर उभी राहिली. तिन्हीसांजेला दिव्याला करतो तसा तिनं त्या बल्बला नमस्कार केला. डोळ्यांत पाणी, आणि तोंडानं बोलणी! "लावली एकदाची. लई उशीर केला, पण लावली." मग पदर खोचून ती तिथंच कुंड्या झाडायला बसली. मला हुंदका आवरला नाही.

नंतर मी मागचा प्लॉट पालथा घातला, शेजारी विचारून आले. कुणीच नव्हतं. प्रतिध्वनी म्हणावं, तर तो आपलंच बोलणं परत देतो. "आली का"ला "नाय" म्हणत नाही. आणि स्क्रू तर खरंच ढिला होता. तिघांनी एकच ऐकलं, तेव्हा भास तरी कसा म्हणू?

त्या संध्याकाळी दादाचा फोन आला, घराला गिऱ्हाईक मिळालंय म्हणून. आईनं मातीच्या हातानंच फोन घेतला.

"नाय रे बाबा, मी कुठं येत नाय," ती म्हणाली. "आत्ताशी कुठं लाईट आलीय."