मागची जागा

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला मी चोरून खाल्लेल्या जिलबीचंही संध्याकाळपर्यंत सांगून टाकतो. हे मात्र चार वर्षं पोटात ठेवलं आहे. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसल्यावर कळतंय, तसं काही नाही.

आधी इंदूताईंबद्दल सांगू द्या. टाळाटाळ करतोय का मी? करत असेन थोडी. पण त्या कशा आहेत हे कळल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही.

इंदूताई चाळीस वर्षं मंडईत बसल्या. लिंबं, आलं, मिरच्या, कोथिंबीर. दिवसभर मांडी घालून बसायचं आणि पहाटे भरलेल्या पाट्या उचलायच्या. साठी ओलांडल्यावर गुडघ्यांनी राजीनामा दिला. लेक म्हणाली, आता घरी बस. त्या बसल्या नाहीत. मृण्मयी नावाचं त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, आयटीत नोकरी करते आणि दर रविवारी सकाळी आमच्यासारख्या हौशी लोकांना नदीवर कयाक, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, चालवायला नेते. तिने बोलता बोलता सांगितलं की कयाकमध्ये पाय लांब करून बसायचं असतं, काम सगळं हातांचं आणि कमरेचं. त्यावर इंदूताई म्हणाल्या म्हणे, "मग मला कुणी अडवलंय?" पुढच्या रविवारी त्या साडीखाली लेकीची ट्रॅकपँट घालून नदीकाठी हजर.

मी त्या गटात त्यांच्या वर्षभर आधीपासून होतो. बत्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. पुण्यात निवृत्त माणसाने हास्यक्लबात जावं नाहीतर वर्तमानपत्रांना पत्रं लिहावीत. मला हसायची सवय नव्हती आणि पत्रं छापून येत नव्हती. म्हणून कयाक.

आमच्या नदीला नावं ठेवायला पुणेकराला कोणी शिकवावं लागत नाही, आणि ती नावं खोटीही नसतात. मी स्वतः जन्मभर स्कूटरवरून नाक दाबून पूल ओलांडले. पण पावसाळ्यानंतर, सकाळी साडेसहाला, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी थोपून उभं असतं तेव्हा त्यात बसून बघा. पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असतात, डोक्यावरून पुलावरची वर्दळ जाते, आणि आपण तिच्या खालून कोणालाही न दिसता निघून जातो. वास येतो, नाही कशाला म्हणू? तरी मला त्या नदीचा लळा लागला. तो मी लावून घेतला तो इंदूताईंमुळे, हे मान्य केलं पाहिजे. त्या पाण्यात उतरायच्या आधी दोन बोटं बुडवून डोळ्यांना लावायच्या. मी नास्तिक माणूस, आणि गप्प बसणारा नास्तिक नव्हे. मी म्हणालो, "इंदूताई, या पाण्याने डोळे येतील." त्या म्हणाल्या, "येऊ देत की सर. या वयात आले तर बरंच आहे, नीट दिसेल." सगळे हसले, मीही हसलो, पण जिंकल्या त्या.

आणि वल्हवायच्या कशा! दोन महिन्यांत त्यांचं वल्हं पाण्यात आवाज न करता जायला लागलं. मी त्यांना क्रिया-प्रतिक्रियेचा नियम समजावायला गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे ओढायचं की ढकलायचं? मला चटकन सांगता येईना. त्यांनीच मग करून बघितलं — खालच्या हाताने ओढायचं, वरच्या हाताने ढकलायचं, पाटी डोक्यावर चढवताना करतात तसं. मला ते कळायला वर्ष लागलं होतं. मला त्यांचा हेवा वाटला का? नाही. अगदी खरं सांगतो, नुसतं कौतुक वाटायचं. रविवारची मी वाट बघायचो ती त्यांना वल्हवताना बघायची म्हणूनही.

आमच्या गटात एक रिवाज आहे. कयाक उलटली तर उलटणाऱ्याने नंतर चहाच्या वेळी उभं राहून, काय चुकलं ते सगळ्यांना सांगायचं. रागवायचं नाही, हसायचं नाही. एकाची चूक कळली की बाकीच्यांची टळते. या प्रकाराला आम्ही 'उलटतपासणी' म्हणतो. नाव मीच ठेवलंय. तेव्हा फार खूश होतो स्वतःवर.

त्या वर्षी इंदूताईंनी एक घाट घातला होता. मंडईतल्या पाच बायका, सगळ्यांचे गुडघे गेलेले, सगळ्या घरात बसून सुनांशी भांडणाऱ्या — त्यांना इंदूताई नदीवर आणणार होत्या. महिनाभर एकेकीच्या घरी जाऊन त्यांनी त्यांना पटवलं. एकीचा नवरा नाही म्हणत होता, त्यालाही पटवलं. मृण्मयी तयार झाली. दोघांच्या कयाकमध्ये एकेकीला बसवायचं आणि सोबत इंदूताईंनी बसायचं, असं ठरलं. तारीख ठरली, जॅकेटांची मापं घेऊन झाली.

त्याच्या आदल्या रविवारी सराव म्हणून मृण्मयीने मला आणि इंदूताईंना दोघांच्या कयाकमध्ये बसवलं. जड माणूस मागे, म्हणून मी मागे. एक गोष्ट लक्षात घ्या — अशा कयाकमध्ये मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. बाकीचे लोक पुढे निघून गेले होते. पुलाच्या खांबापाशी, काही कळायच्या आत, आमची कयाक उजवीकडे उलटली.

जॅकेट होतं, त्यामुळे बुडण्याचा प्रश्न नव्हता, हे भौतिकशास्त्र मला पाठ होतं. तरी मी हातपाय झाडले, पाणी प्यालो, ओरडलो. खांबापाशी ओढ होती. जॅकेटच्या खांद्याला कोणीतरी धरलं. एका हाताने उलटी कयाक आणि एका हाताने मला, असं इंदूताईंनी धरून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "सर, पाण्याशी भांडू नका. ते तुमचा विद्यार्थी नाही." मी हातपाय झाडायचं थांबवलं. मृण्मयी येईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

मग चहा. मृण्मयी म्हणाली, नो जजमेंट हं, फक्त काय झालं तेवढं सांगा. मी कप खाली ठेवला. सांगणार होतो का मी? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे, आणि उत्तर अजून आलेलं नाही. कारण तेवढ्यात इंदूताई उठल्या. साडी निथळत होती, एक हात दुखऱ्या गुडघ्यावर होता. "माझ्याकडूनच गेलं असणार," त्या म्हणाल्या. "सर शिकलेले माणूस, ते कशाला चुकतील. मीच कुठेतरी कलले असेन. मला कळलंसुद्धा नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "जाऊ द्या हो इंदूताई. होतं असं. मी काही मनावर घेतलेलं नाही."

वाचलंत ना? मी त्यांना माफ केलं. लोक म्हणाले, सरांचं मन मोठं आहे.

आता काय झालं होतं ते सांगतो. पुलाखाली निर्माल्य अडकतं, घरातल्या जुन्या तसबिरीही लोक वरून सोडतात. माझं वल्हं एका तसबिरीवर आपटलं. दत्ताची होती, काच गेलेली, लाकडी चौकटीवर तरंगत होती. वल्हं बरोबर चेहऱ्यावर बसलं. आणि मी — घरच्या देवांना कधी हात न जोडणारा, बायकोच्या उपासांवर वर्षानुवर्षं विनोद करणारा, नदीला बोट लावणाऱ्या बाईला डोळे येतील म्हणून सांगणारा — मी काय केलं? वहीला पाय लागल्यावर लहान मूल करतं तेच. वल्हं सोडलं, उजवीकडे पार बाहेर वाकलो, तसबिरीला हात लावून तो छातीशी नेण्यासाठी. नमस्कार करायला. छातीपर्यंत हात पोचलाच नाही. गुरुत्वमध्य म्हणजे काय ते मी बत्तीस तुकड्यांना शिकवलं होतं.

इंदूताई तसूभरही हलल्या नव्हत्या. मी मागे होतो, त्यांची पाठ माझ्या डोळ्यांसमोर होती. ताठ होती.

पडल्याची मला लाज नव्हती. गटातले सगळेच कधी ना कधी पडले होते. लाज होती ती नमस्काराची. चारचौघांत 'मी दत्ताच्या तसबिरीला नमस्कार करायला वाकलो' म्हटलं असतं तर पुढचं वर्षभर माझी खिल्ली उडाली असती. एवढंच. एवढ्यासाठी.

पुढच्या रविवारी त्या पाचजणी आल्या नाहीत. इंदूताईंनीच त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं. मृण्मयीला त्या म्हणाल्या, जिला आपला तोल कधी गेला तेच कळत नाही, तिने दुसरीला होडीत बसवू नये. सर होते म्हणून निभावलं, एखादीचा जीव गेला असता तर? त्यानंतर त्या स्वतःही आल्या नाहीत. मृण्मयीचा मला फोन आला. सर, तुम्ही समजवा ना त्यांना, तुमचं त्या ऐकतील. मी हो म्हणालो.

गेलो. कात्रजला लेकीकडे राहतात त्या. मटार सोलत खुर्चीत बसल्या होत्या. नदीबद्दल विचारत राहिल्या — जलपर्णी काढली का, पाणकावळे आले का, मृण्मयी वल्हं अजून डावीकडे जास्त मारते का. मग हातातली शेंग तशीच ठेवून म्हणाल्या, "सर, त्या दिवशी चारचौघांत तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. मी विसरायची नाही ते."

लेक स्वयंपाकघरात होती. खोलीत आम्ही दोघंच. 'तोल माझा गेला होता' — चार शब्द. मी म्हणालो, चहा छान झालाय. मृण्मयीला कळवलं की त्यांची इच्छा दिसत नाही.

त्यानंतर तीन-चारदा भेट झाली. प्रत्येक वेळी बोलता आलं असतं. आता त्या घरातल्या घरातच असतात, फाटकापर्यंत जायलाही वॉकर लागतो. त्या पाचजणींपैकी एक अजून मंडईत दिसते. मी त्या रांगेत जात नाही.

इंदूताईंना वाटतं, त्यांनी एका माणसाला बुडवलं असतं. त्यांनी त्याला धरून ठेवलं होतं. चूक कोणाची होती हे पृथ्वीवर एकाच माणसाला माहीत आहे, आणि त्याने त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, त्यांना नाही.

काल रविवार होता. मी नदीवर गेलो होतो.