भावाला आणायला श्लॉन्स्कला

"त्याका घेवनच ये," आईने गोव्यात मोपाच्या विमानतळावर पुन्हा बजावलं. नितीन, माझा धाकटा भाऊ, डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या आणि तो पोलंडला मालट्रक चालवायला गेला. परत येण्याचा विषय काढला की त्याच्या फोनचं नेटवर्क जायचं.

मोपा, दिल्ली, वॉर्सा आणि पुढे नितीन राहतो त्या व्रोत्सवापर्यंत रेल्वे. जाणार असाल तर व्हिसाची तारीख लवकर घ्या आणि रेल्वेचं तिकीट आधीच काढा, ऐनवेळी महाग पडतं. खिडकीबाहेर पिवळीधमक शेतं पळत होती, पण माझं लक्ष कशातच लागेना. मनात एकच वाक्य घोळत होतं: चल घरी.

फलाटावर नितीनसोबत एक मुलगी उभी होती. "ताई, ही मार्ता." एवढंच. याआधी फोनवर तिचं नावही काढलं नव्हतं त्याने.

दुसऱ्या दिवशी दोघं मला श्लेंझा डोंगरावर घेऊन गेली. व्रोत्सवाहून सोबुत्कापर्यंत छोटी रेल्वे, मग दोनेक तासांची चढण. दगड निसरडे आहेत, बूट चांगले घाला. मार्ता इंग्रजीतून बोलत होती, सावकाश, मला समजेल असं.

"आमच्या भागाचं नाव श्लॉन्स्क. बाहेरचे शिलेसिया म्हणतात. जर्मन सांगायचे, हे आमच्या जुन्या टोळीचं नाव. पोलिश सांगतात, या डोंगराचं नि खालच्या नदीचं, ओलसर जागेसाठीच्या जुन्या शब्दावरून आलेलं. अजून वाद आहे."

दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग जर्मनीकडून पोलंडला मिळाला आणि इथल्या जर्मनांना घालवलं. पोलंडचा पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएतांकडे गेला होता, तिथली माणसं आणून इथे बसवली. सरकारने या भागाला नाव दिलं, 'परत मिळवलेली भूमी'.

"माझी आजी तेव्हा लहान होती," मार्ता म्हणाली. "त्यांना जर्मनांचं घर मिळालं. टेबलावर ताटं तशीच होती. पणजीने कित्येक वर्षं ट्रंका उघडल्या नाहीत. छप्पर गळायचं, तेही शाकारलं नाही. जर्मन परत आले तर?"

मी म्हटलं, आमच्या पेडणे-डिचोलीलाही पोर्तुगीज 'नव्या काबिजादी' म्हणायचे. नवा जिंकलेला मुलूख! मार्ता हसली. नितीन हसला नाही, भराभर पुढे चढत गेला.

माथ्यावर धुकं होतं. दगडात कोरलेलं एक प्राचीन अस्वल त्यात जेमतेम दिसत होतं. मार्ता तिथल्या खानावळीतून सूप आणायला गेली, तसा नितीन माझ्याजवळ आला.

"ताई, ती लग्नाचा विचारता. मी काय सांगू? आईन तुका कित्याक धाडल्यान, ता माका कळता. इतकी वर्षा झाली, मी घरात साधी खुर्चीव घेवक नाय. उद्या जावचा आसा म्हणान."

'चल घरी' माझ्या ओठांवर होतं. मार्ता तीन वाडगे सांभाळत धुक्यातून येताना दिसली.

"खुर्ची घे रे," मी म्हणाले. "दोन घे."

त्याने तोंड फिरवलं. आंबट सूप, त्यात उकडलेलं अंडं, सोबत जाड पाव. मिळालं तर जरूर खा. मला त्या दिवशी चव कळली नाही.

परतल्यावर मोपाला आईने आधी माझ्या मागे बघितलं. "एकटीच?" गाडीत मी सगळं सांगितलं.

पुढे कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मलाही घरात बसवत नव्हतं. त्याला मोकळं करताना मी आईचा मुलगा परस्पर देऊन टाकला का?

काल पेडण्याच्या बाजारात एका ओळखीच्या बाईने विचारलं, "नितीन खंय आसता हल्ली?" एरवी आई 'भायर' म्हणून पुढे जायची. काल थांबली. जीभ दोनदा अडखळली.

"श्लोस्कात," ती म्हणाली. "सून थंयची."