तीन शनिवार

“सिऱ्होसिस आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे यकृत सुकून, गाठीगाठी होऊन कडक झालेलं. “डोळे पिवळे कधीपासून आहेत?”

“चार दिवस झाले असतील,” मी म्हणाले. ते खोटं होतं.

ज्यांच्या घरात नकोसा झालेला माणूस आजारी पडलाय, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. लाडक्या माणसाची सेवा कशी करावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला देवनागरी येत नाही. तंजावरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी लोकांपैकी फार थोड्यांना येते. मी तमिळ अक्षरांत मराठी लिहिलं आणि भाचीनं ते उतरवून काढलं. तिला बजावलंय, एकही शब्द गोड करायचा नाही.

नवऱ्याला मी तोंडावर ‘अहो’ म्हणते. इथे ‘तो’ म्हणणार. तो ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत होता. प्यायचा आणि मारायचा. लग्नाच्या सहाव्या वर्षी त्याच्या एका थपडेनं माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. तो कान गेला तो गेलाच.

आमच्याकडे शनिवारी पुरुषांचं तेलाचं न्हाणं असतं. बायकोनं परसात पाटावर बसवून डोक्यावर तिळाचं तेल थापायचं, मग शिकेकाईनं धुवायचं. मार खाल्लेल्या आठवड्यातही ते मी कधी चुकवलं नाही. अशाच एका शनिवारी त्यानं मान वर केली आणि उन्हात त्याचे डोळे दिसले, हळदीसारखे. मी पाणी ओतलं आणि गप्प राहिले. दुसऱ्या शनिवारी ते जास्त पिवळे होते. तिसऱ्या शनिवारी पोटही फुगलेलं होतं. मी तरीही गप्प. मला तो मरायला हवा होता, एवढं साधं होतं ते.

मंगळवारी सकाळी त्याला रक्ताची उलटी झाली. शेजाऱ्यांनी धावत जाऊन ऑटो आणली आणि मला त्यात बसावं लागलं.

पहिल्या दिवशी एन्डोस्कोपी झाली, म्हणजे घशातून नळी घालून आत पाहणं. अन्ननलिकेत फुटलेली शीर रबराच्या कडीनं बांधली. दुसऱ्या दिवशी टॅपिंग, म्हणजे पोटात सुई घालून साचलेलं पाणी काढणं. त्या पाण्यात इन्फेक्शन निघालं. मग इंजेक्शनं, बिनमिठाचं जेवण, आणि रिपोर्टच्या खिडकीसमोर बाकावर तासन् तास बसणं. वॉर्डात मी खुर्ची अशी ठेवायची की बहिरा कान त्याच्याकडे येईल. कण्हला तर कण्हू दे.

शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची बायको आरोक्यमेरी. पापनाशमहून आलेली, गळ्यात क्रूस, हातात जपमाळ. ती तिच्या नवऱ्यासाठी प्रार्थना करायची ते माझा नवरा रोज पाहायचा. पाचव्या दिवशी यानं तिला तमिळमध्ये विचारलं, “माझ्यासारख्यालाही चालेल का?” ती उठली, त्याच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि हा लहान पोरासारखा रडला. मग माझ्याकडे वळून आमच्या भाषेत म्हणाला, “देवानं मज माफ केलं बघ.”

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. “त्यानं कसं केलं? कान माझा गेला! मज विचारलं का कोणी?” मी इतक्या जोरात ओरडले की नर्स धावत आली.

आरोक्यमेरीला मराठी कळत नव्हती, पण राग कळला. मला बाहेर व्हरांड्यात नेऊन म्हणाली, “अक्का, तुम्ही माफ करा असं मी म्हणत नाही. पण येशूची दया त्यानं कमावलेली नाही. लायकी बघून मिळाली असती तर तिला दया कोण म्हणालं असतं? सगळ्यात मोठ्या पाप्यालाही ती आहे. मला आहे, तुम्हालाही आहे.”

“मला कशाला? मी काय केलंय?” मी फाडकन बोलले. आणि बोलता बोलता ते तीन शनिवार आठवले. त्याचं पाप सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. माझं मला एकटीला.

त्याच दुपारी मी डॉक्टरांच्या दारात उभी राहिले. “चार दिवस नव्हे. सतरा दिवस. मला दिसलं होतं.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “लवकर आला असतात तर कदाचित एवढं वाढलं नसतं,” ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग खाटेजवळ जाऊन त्यालाही सांगितलं. पहिल्यांदाच खुर्ची फिरवून, चांगला कान त्याच्याकडे करून. “तुज मी मेलेला हवा होतो,” तो एवढंच म्हणाला. मी म्हटलं, “हो.” त्यानं मान हलवली. आमच्या संसारातलं पहिलं खरं बोलणं ते.

सतराव्या दिवशी घरी सोडलं. आता तो पीत नाही, आणि येशूची प्रार्थना करतो. यकृत काही पूर्वीसारखं होणार नाही. नणंद फोनवर विचारते, आपले देव काय कमी होते? मी फोन ठेवून देते.

आणि नाही, मी त्याला माफ केलेलं नाही. देवानं केलं असेल तर तो देवाचा कारभार, मला विचारून केलेला नाही. त्या आरोक्यमेरीच्या देवाशी माझं अजून भांडण आहे. पण ज्या दारातून त्यानं याला आत घेतलं त्याच दारातून मलाही घेणार असेल, तर मी जाईन. याच्या शेजारी उभी राहीन, आणि कान कोणी फोडला ते आत गेल्यावरही सांगेन.

तुम्हाला एवढंच सांगते. माफी जमेल तेव्हा जमू दे, नाही जमली तरी राहू दे. पण माणसाचे डोळे उजेडात पाहा, आणि दिसलं ते बोला. मी दर शनिवारी तेल लावण्याआधी त्याची खालची पापणी ओढून पाहते आणि मोठ्यानं सांगते. पांढरे असले तर पांढरे.

गेल्या शनिवारी पुन्हा झाक दिसली. “पिवळे आहेत,” मी म्हणाले, तेलाची वाटी पाटाखाली सरकवली आणि ऑटोवाल्याला फोन लावला.