घोडीची शिटी

आमची घोडी पळताना शिटी मारायची. छाती भरून श्वास ओढला की तिच्या गळ्यातून असा घोगरा, लांबलचक आवाज निघायचा की रस्त्यानं चाललेला माणूस मान वळवून बघायचा. जुन्नरच्या ज्या चाचांकडून ती घेतली, ते प्रामाणिक माणूस. त्यांनाही ती घोडीची रगच वाटायची. झालं! पेठपासून लोणीपर्यंत लोक आवाजावरून आमची घोडी ओळखायला लागले, आणि आमचे हे छाती फुगवून मिरवायला लागले. तो आवाज म्हणजे रोग असतो, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीत गाड्यावर हाकणारा बसत नाही. पुढे घोडी, घोडीवर माणूस, आणि तिच्यामागे गाड्याला जुंपलेले चार बैल घाट, म्हणजे शर्यतीची चढण, चढत सुटलेले. घोडीवरचा माणूस म्हणजे आमचे हे. घोडी पडली तर मागच्यांना थांबवणारं कुणी नाही, एवढं समजायला मला शाळेत जावं लागलं नाही. लग्न झाल्यापासून दर यात्रेला मी ह्यांना घोडीवर बसू नका म्हणायचे. हे हसायचे.

मागच्या यात्रेत मी घाटाच्या कडेला बायकांमध्ये उभी होते. शिटी जवळ येत होती. मधेच ती चिरकली आणि बंदच झाली. घोडीनं मान लांब केली, जीभ बाहेर, निळी पडलेली, आणि ती पुढच्या गुडघ्यांवर बसली. हे उडून कडेला मातीत पडले. बैल ह्यांच्या पायापासून हातभर अंतरावरून गेले. पदर दातांत धरला होता, तो फाटला हे घरी आल्यावर कळलं.

घोडीचा श्वास हळूहळू परत आला. गावच्या डॉक्टरांनी आम्हाला पुण्याला धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घोडीच्या नाकातून दुर्बीण आत घातली आणि पडद्यावर दाखवलं. श्वास घेताना गळ्यातल्या दोन्ही झडपा उघडायला हव्यात, हिची डावी लुळी पडली होती. म्हणजे ती शिटी घोडी गुदमरत असल्याची होती. हे पडद्याकडे बघतच राहिले. "चार वर्षं ती मरत व्हती आणि आमी टाळ्या घेत व्हतो," एवढंच म्हणाले.

इलाज होता. ती झडप टाके घालून कायमची बाजूला ओढून बांधायची. पण डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं की ऑपरेशनपेक्षा भीती नंतरची. भुलीतून उठताना घोडं धडपडतं, आणि पाय मोडला तर मग काहीच करता येत नाही.

ऑपरेशन झालं. भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत तिला आडवं ठेवलं होतं, झरोक्यातून बघायचं. ह्यांनी एकदा डोकावलं आणि बाहेर जाऊन टेम्पोच्या चाकापाशी बसले. एरवी चार बैलांपुढे पळणारा गडी! मग बघायला राहिले मी. घोडी उठायची, मागचे पाय फाकायचे, आणि धाडकन भिंतीवर आदळायची. दोर धरलेली माणसं ओढली जायची. माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. आलं, नको उठू बाई, तू उठलीस की हे परत तुझ्यावर बसतील. दुसऱ्याच क्षणाला माझी मलाच लाज वाटली. पाचव्या खेपेला ती उठली. लटपटत, पण चारी पायांवर. मी झरोक्याला कपाळ टेकवून रडले.

तेव्हापासून डॉक्टरीणबाई काय सांगायचं ते मलाच सांगायच्या. चारा भिजवून जमिनीवर ठेवा, खाताना ठसका लागला तर कळवा. काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून झाली. हे घोडीला टेम्पोत चढवत होते, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "छान बसलंय सगळं. हळूहळू पळवायला हरकत नाही."

खेड मागे पडल्यावर ह्यांनी विचारलं, काय म्हणाल्या बाई? मी काचेतून बाहेर बघत होते.

"पळवायचं न्हाई म्हणाल्या. कधीच न्हाई."

पेठ येईपर्यंत हे मागे वळून वळून घोडीकडे बघत राहिले.

आता घोडी गप्प श्वास घेते. रोज सकाळी हे तिला हातात धरून कालव्याच्या कडेनं फिरवून आणतात, आणि आल्यावर तिच्या गळ्याला कान लावून उभे राहतात. परवा मला म्हणाले, "आवाज तर कायच न्हाई गं. मग आत काय राहिलं असंल?" मी परातीतलं पीठ मळत राहिले. वर बघायची हिंमत झाली नाही. त्यांनीच मग घोडीच्या मानेवर हात फिरवला आणि तिला म्हणाले, राहू दे, जिवंत हायेस ते लई झालं.

घोडीची खुशाली विचारायला डॉक्टरीणबाई अधूनमधून फोन करतात. त्यांच्याकडे नंबर ह्यांचा आहे. हे फोन ओट्यावर ठेवून गोठ्यात जातात, आणि तो वाजला की मी पिठाच्या हातानं धावते.