आजोबांच्या वीस फेऱ्या

मुंबईत थंडी पडते यावर आमच्या घरात सगळ्यांचा विश्वास आहे. फक्त पंख्याचा नाही. तो वर फिरत असतो आणि त्याच्याखाली उभी राहून आई माळ्यावरून स्वेटर, शाली आणि आजोबांची माकडटोपी काढत असते.

गेल्या डिसेंबरात मात्र मीही थंडी मनावर घेतली. कारण आजोबा. वय एक्क्याऐंशी, पूर्वी गिरणीत, आता डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, सोबतीला मधुमेह आणि दमा. शिवाय उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टरांनी बजावलं होतं, "जानेवारीत ऑपरेशन करू, पण साखर आटोक्यात आली तरच." आजोबांचा सगळा जीव त्या ऑपरेशनमध्ये अडकला होता. मंडळाच्या खोलीत कॅरम खेळताना ते समोरच्याच्याच सोंगट्या घालवू लागले होते. त्यांच्याविरुद्ध खेळायला रांग लागायची!

मला माणसांशी बोलण्यापेक्षा तक्ते करणं सोपं जातं. मी एक सुंदर रंगीत तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. सकाळी कोमट पाणी, औषधं आणि दम्याचा पंप वेळेवर, कान-छाती झाकलेली, गोड बंद. पहाटेच्या धुरक्यात बाहेर फिरायचं नाही; ऊन आलं की चाळीच्या गॅलरीत वीस फेऱ्या.

"ह्या वाचूचा कोणी गो?" आजोबा म्हणाले. "माका दिसत नाय."

राहता राहिले शेजारी. गॅलरीत आठ दारं. आठ दारांत जाऊन बोलायचं म्हणजे आठ वेळा 'अगं, आत ये ना!' त्यापेक्षा मी चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायचं ठरवलं. 'आजोबांना कृपया गोड देऊ नये.' वाचून पाहिलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. हे वाक्य नम्र आहे की भिंतीवरची 'येथे थुंकू नये' पाटी, ते मला ठरवता येईना. खोडलं. त्याऐवजी लिहिलं, 'थंडीचे दिवस आहेत. आजोबांकडे सर्वांनी जरा लक्ष द्यावे ही विनंती.' पुढे जोडलेले हात. दोन जोड्या.

सर्वांनी लक्ष दिलं.

संध्याकाळीच परबकाकी डबा घेऊन दारात. "डिंकाचे लाडू. आजोबांना दे, हाडांत ऊब राहते."

"काकी, त्यांना डायबिटीस..."

"अगं, गुळाचे आहेत! साखरेचा कण नाही!"

मागोमाग सामंतकाकू. "मेथीचे आहेत हं. मेथी म्हणजे औषधच." मी दोघींनाही "थँक यू" म्हटलं (मला दारात येणारं एकमेव वाक्य) आणि डबे माझ्या कपाटात ओढण्यांमागे लपवले. आठवड्यात बाकीच्या दारांतूनही डबे आले आणि ओढण्यांना तुपाचा वास येऊ लागला.

आता पंचाईत अशी की, आमच्या चाळीत डबा रिकामा परत करत नाहीत. आई कामावर, आणि मला अंडी उकडण्यापलीकडे काही येत नाही. उकडलेली अंडी डब्यात घालून देता येत नाहीत (विचार करून झाला होता). म्हणून मी परबांचे लाडू सामंतांच्या डब्यात घातले, सामंतांचे तिसऱ्याच घरच्या, आणि असेच पुढे फिरवत राहिले. पोचवायचे कोणी? आजोबा आपणहून म्हणाले, "फेरे मारतंय, तर डबे पण देतंय मी." मला भरून आलं. व्यायामही झाला आणि चार माणसांशी बोलणंही!

साखर वाढली.

मी भात बंद केला. साखर वाढली. केळं बंद केलं. साखर वाढली. वीसच्या तीस फेऱ्या केल्या, तर साखर अशी वाढली की मी साखर मोजायच्या मशीनचे सेल बदलून पाहिले. डॉक्टर फोनवर म्हणाले, "असंच राहिलं तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल." आजोबांचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाले, "आणखी धा फेरे वाढव."

मी वाढवले!

रविवारी सामंतकाकू डबा घेऊन आल्या. भरलेला. "हे लाडू कोणी केले गं?"

"मी."

"हो? मेथीच्या लाडवावर मधोमध एकच चारोळी लावणारी या चाळीत मी एकटी आहे!"

आठही दारं उघडली. "म्हणजे माझे लाडू कुणाकडे गेले?" परबकाकी ओरडल्या. माझे कान तापले (त्या थंडीत पहिल्यांदाच). मी एका दमात बोलून टाकलं, "सॉरी काकू! मी आजोबांना जपत होते. मी त्यांना एकही लाडू दिलेला नाही!"

सगळ्यांनी गॅलरीच्या टोकाकडे पाहिलं. आजोबा सव्विसाव्या फेरीवर होते.

"एकही नाही?" परबकाकी म्हणाल्या. "अगं, रोज दारात थांबून अर्धा खातात. म्हणतात, नातीने उपाशी ठेवलंय."

"आमच्याकडेही अर्धाच!"

"आमच्याकडेही!"

आजोबांनी माकडटोपी डोळ्यांवर ओढली. "फेरे कोणी वाढवल्यान?" टोपीतून आवाज आला.

मग मी आठही दारांत गेले. "आजोबांना कृपया गोड देऊ नका. नाहीतर ऑपरेशन होणार नाही." तेच खोडलेलं वाक्य! कुणालाही राग आला नाही.

"एवढंच ना? आधी नाही का बोलायचं!" परबकाकी म्हणाल्या. "ये, बस. तू तरी खा."

एका वाक्यात माझं धैर्य संपलं होतं. 'नको' हे दुसरं वाक्य झालं असतं.

त्या दिवसापासून आजोबांच्या फेऱ्यांना मी पहारा दिला. प्रत्येक दारात त्यांना कोमट पाणी मिळायचं आणि मला लाडू. साखर उतरली. तिळगुळाचा सण गेला, तोही माझ्याच तोंडात, आणि ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आजोबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचली. डॉक्टरांच्या शर्टाची बटणं मोजली. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

"डॉक्टरानू," ते काळजीने म्हणाले, "डोळो नीट बसलो मां? माझी नात जरा रुंद दिसता."

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फाइल मिटली. "अगदी स्पष्ट दिसतंय तुम्हाला, आजोबा."