आजोबांच्या मोटरची वही

मंडळी, आज दुपारी लेकीला सरासरीच्या गृहपाठासाठी आकडे हवे होते. मी माझ्या आजोबांची वही काढून दिली. इंग्रजांच्या काळात ते शहादा–नंदुरबार सर्व्हिस मोटर चालवायचे. दर फेरीला किती बसले, किती उतरले, एवढंच लिहायचे.

सुरुवातीच्या पानांवर दोन्ही आकडे सारखे. मग एका पानावर बसले एकोणीस, उतरले अठरा. खाली लिहिलंय, ‘तापीच्या उतारावर मोटर जोरात होती.’

त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत उतरणारा एक जास्त आहे, अगदी शेवटच्या पानापर्यंत.

“पप्पा, हाऊ जास्तीना माणूस कोन शे?”

मी पान उलटून पाहिलं.

“सरासरीमा त्याले धरू का?”

“धर,” मी म्हणालो. आजोबांनी त्याला एकदाही वगळलं नव्हतं.

उद्या सकाळी त्याच उतारावरून मला गाडी न्यायची आहे. तुम्ही मागच्या सीटवरची माणसं मोजली असती का?